मखराच्या जागी यमुना

हेमांगीचं नाव घरात निघालं की मला आंबट ढेकर येतात. विजया, म्हणजे माझी बायको, म्हणते, ओवा खा. ओव्याने जाणारं दुखणं नाही हे! मला जळफळाट होतो, सरळ सांगतो, उगाच लपवाछपवी कशाला? अडुसष्टाव्या वर्षी माणसाने शांत व्हावं, कोवळ्या उन्हात बसावं वगैरे मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या हातातून त्याचं मखर काढून घेतलंय, त्याला हे शहाणपण शिकवायला येऊ नका.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती पहाडगंजात बसतो, भाड्याच्या हॉलमध्ये. मी नोकरीभर सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढले. दुसऱ्यांनी ठरवलेल्या इमारती, दुसऱ्यांच्या सह्या, रेघा तेवढ्या माझ्या. माझी म्हणावी अशी इमारत मी वर्षातून एकदाच उभी करायचो, गणपतीच्या मागे, थर्मोकोलची. खांब, महिरप, झरोके, कळस, सगळं. जुन्या इस्त्रीची तार ताणून तापवायची आणि तिने थर्मोकोल कापायचा. जनकपुरीहून, नोएडाहून लोक यायचे, ते म्हणायचे, टिपणिसांचं मखर बघायला चाललोय. गणपती बघायला चाललोय असं नाही म्हणायचे, हे लक्षात घ्या.

मग थर्मोकोलवर बंदी आली. बरोबरच आली, मी पेपर वाचतो. मी पुठ्ठ्यावर आलो. पुठ्ठ्याचं काय होतं, दिल्लीच्या भादव्यात हवा दमट असते आणि तो मान टाकतो. एके वर्षी ऐन आरतीत माझा कळस हळूहळू वाकत गेला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. जागा तर माझी होती ना!

तीही यंदा गेली. जुलैच्या सभेत ही हेमांगी लॅपटॉप उघडून उभी राहिली. ही राहते गुरुग्रामला, उंच टॉवरमध्ये. कुठल्याशा कंपनीत डिझाइनचं काम करते, मेट्रो बदलत बदलत आमच्याकडे येते. वय तिशीच्या आतबाहेर. जन्म दिल्लीचाच, त्यामुळे 'महिरप' म्हणजे काय हे मला तिला हाताने हवेत काढून दाखवावं लागलं होतं. ती आता मला देखावा समजावणार!

"मखर नाहीच आहे, काका," ती म्हणाली. "मखराच्या जागी यमुना. तिच्यावर तो फेस येतो ना, केमिकलचा? तो."

"गणपतीच्या पुढ्यात गटार?" मी म्हणालो.

"गटार नाही काका, नदी आहे. गटार आपण केलंय तिचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हणालो, फेस दिसतो तो दिवाळीनंतर, छठपूजेच्या सुमारास. भादव्यात नदीला पाणी असतं, तेव्हा फेस कुठून आणणार? कोणालाही निरुत्तर करणारा मुद्दा होता. ती हसली.

"दिसत नाही, काका. साबण तर पाण्यात असतोच ना? बिल्कुल असतो. म्हणूनच दाखवायचाय."

आमचे अध्यक्ष अंबादास सोनटक्के माझ्याकडे वळले. हे माझ्याच मखरापुढे उभे राहून फोटो काढून घेऊन अध्यक्ष झालेले गृहस्थ. म्हणाले, "बाळासाहेब, यंदा नव्या पिढीला संधी देऊ. तुम्ही मार्गदर्शक." पत्रिकेत छापलंसुद्धा, मार्गदर्शक: बाळ टिपणीस. मार्गदर्शक म्हणजे कोण ते मला विचारा. ज्याला कोणी काही विचारत नाही तो.

घरी येऊन मी विजयाला म्हणालो, की यंदा मी मंडळाकडे फिरकणार नाही. ती म्हणाली, बरं. आणि पुढच्या रविवारी सकाळी स्वतः कॅनव्हासचे बूट घालून निघाली. कुठे? तर हेमांगीच्या टोळीबरोबर यमुनेवर, जुन्या विसर्जनाच्या घाटाशी, कचरा गोळा करायला! आता विसर्जन कृत्रिम तलावात होतं, त्या घाटावर आमचं कोणी वर्षानुवर्षं गेलेलं नाही. सोबत डबा भरून पोहे. माझ्या मखरासाठी मी रात्र रात्र जागायचो, तेव्हा ही बाई फक्त चहा ठेवून जायची.

दुपारी परतली ती पोटऱ्यांपर्यंत चिखलात बरबटून. मी विचारलं, "काय मिळालं?"

"सगळंच," ती म्हणाली आणि न्हाणीघरात शिरली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली ती सरळ आडवी झाली. मला वाटलं, दमली.

त्यानंतर आमच्या बैठकीच्या खोलीत कापूसच कापूस. गणपतीची वस्त्रं करायला कापूस पिंजतो, तसा तो मंडळाच्या बायकांनी पिंजून काढायचा, ओढून ओढून पातळ करायचा आणि जाळीवर पसरायचा. हा म्हणे फेस. माझ्या वरणात कापूस, चष्म्यावर कापूस. आणि विजयाच्या तोंडी सारखं हेमांगी. हेमांगी किती शांतपणे सांगते, हेमांगीला किती सुचतं. एकदा मी म्हणालो, "जा, राहायलाच जा गुरुग्रामला." तर म्हणाली, "लिफ्ट आहे त्यांच्याकडे, विचार करायला हरकत नाही."

स्थापनेच्या दिवशी आरतीला गेलो. जावंच लागतं हो, न जाऊन सांगता कोणाला! मागे खांबाला टेकून उभा राहिलो. उंच चौथऱ्यावर शाडूची लहानशी मूर्ती, मागे साधी काळी चादर. मूर्तीच्या पुढे, कमरेच्या उंचीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत जाळी ताणलेली आणि तिच्यावर तो कापूस. पांढरा शुभ्र, खालून निळसर दिवे. खरं सांगतो, दिसत होतं छान. म्हणून तर जास्त राग आला. पण मनात म्हटलं, हे काय, ढग! यात यमुना कुठे आणि धोका कुठे? हिमालयाचा देखावा म्हणूनही खपेल की.

नमस्काराची पायरी जाळीच्या खाली होती. माणसाने गुडघे टेकायचे, कापसाखाली डोकं घालायचं आणि पायरीवर कपाळ टेकवायचं. लोक रांगेने जात होते. जाताना मोबाइल हातात, गप्पा चालू. उठून येताना मात्र गप्प. सोनटक्क्यांसारखा माणूस उठला आणि फोटो न काढता बाजूला जाऊन उभा राहिला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग विजया गेली. बराच वेळ वाकून राहिली. मागची बाई खोकली तेव्हा कुठे उठली, आणि पदराने डोळे पुसत आली.

मला सांगा, इतक्या वर्षांत माझ्या मखरासमोर ही बाई एकदा तरी रडली? एकदा? खांबांवर मी वेलबुट्टी कोरली, झरोक्यांना आरपार जाळी कापली, तेव्हा हिने विचारलं होतं, जेवायला कधी येताय! आणि परक्या पोरीच्या कापसापुढे डोळ्यांतून धारा. मी नमस्कार न करताच चपला घातल्या.

रिक्षात मी म्हणालो, "कापूस बघून रडलीस?"

"कापसासाठी नाही."

"मग?"

"तुम्ही वाकून बघा, मग बोलू."

"माझा गुडघा दुखतो."

"घरच्या देवापुढे बरा वाकतो तो गुडघा," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

नाहीच वाकलो. रोज जायचो, मागे उभा राहायचो, दोन्ही हात जोडायचो आणि परत. देवा, तुझ्याशी भांडण नाही, मनात म्हणायचो, पण तुझ्या पायाशी तिचं काम आहे, त्याच्यापुढे मी डोकं टेकणार नाही. गर्दी वाढत होती. मराठी लोक सोडा, आसपासच्या हॉटेलांतले प्रवासी, घाऊक बाजारातले दुकानदार, सगळे रांगेत. एका हिंदी पेपरात हेमांगीचा फोटो आला, चांगला हातभर. माझ्या मखराचा फोटो पेपरात एकदाच आला होता, तोही एका मंत्र्याच्या डोक्यामागे, अर्धा कळस.

मग एके दुपारी तिचाच फोन आला. "काका, जाळी मधे झोल खातेय म्हणे. मी ऑफिसात अडकलेय, यायला संध्याकाळ होईल. तुम्ही बघाल का, प्लीज? हे तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही."

काय आनंद झाला मला! आडव्या ताणाला मधे आधार लागतो, एवढं साधं तिला कळलं नव्हतं. पक्कड आणि तारेचं भेंडोळं घेऊन मी मेट्रोने पहाडगंज गाठलं. हॉलमध्ये संध्याकाळच्या प्रसादाची तयारी चालली होती, विजया आणि दोघीतिघी खोबरं किसत होत्या, सोनटक्के खुर्च्या मांडून घेत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "चला, मार्गदर्शकाची आठवण झाली!" आणि गुडघे टेकून जाळीखाली शिरलो. गुडघा अजिबात दुखला नाही.

वर बघितलं आणि हातातली पक्कड तशीच राहिली.

वरून जो ढग दिसत होता, त्याच्या पोटाला सगळी घाण टांगलेली होती. मी नदीच्या आत होतो आणि वर फेस होता. चिखल वाळलेले थर्मोकोलचे तुकडे, प्लास्टिकचे हार, जरीच्या झालरी, रंग उडालेला मूर्तीचा हात, त्याच्या बोटांत अजून मोदक. काहीही धुतलेलं नव्हतं. थोडासा वाससुद्धा येत होता. नमस्कार करणाऱ्याच्या नाकापासून हातभर अंतरावर हे सगळं. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!" मला ते म्हणायचं नव्हतं, पण कारागिराचं तोंड असतं, ते ऐकत नाही. इतकी चांगली युक्ती मला का सुचली नाही, म्हणून मी तिथेच, देवाच्या पायाशी, तिच्यावर नव्याने जळलो.

झोल शोधायला मधोमध सरकलो आणि तिथे ते दिसलं. एक कमळ. थर्मोकोलचं, ताटाएवढं, पिवळट पडलेलं, घडीघडीत काळी माती. पाकळ्या डावीकडे वळलेल्या.

मी डावखुरा आहे. तारेवर माल फिरवताना माझा हात उलटा फिरतो, म्हणून माझ्या पाकळ्या डावीकडे वळतात. कोणाच्याही वळत नाहीत. एका घडीत अजून गुलाबी रंग राहिला होता, पोस्टर कलर, मी चुना मिसळून फिका करायचो तोच. सत्त्याण्णव सालचं कमळांचं मखर! त्या काळी विसर्जनाला मूर्तीबरोबर मखरही जायचं, ठेवायला जागा कोणाकडे होती?

"हे माझं आहे!" मी ओरडलो. "अहो सोनटक्के, इकडे या! हे माझं काम आहे!"

सोनटक्के वाकले, बायका खोबऱ्याच्या हातांनी धावत आल्या. मी पाकळ्या दाखवल्या, वळण दाखवलं. त्यांच्या देखाव्याच्या मधोमध, सगळ्यांत देखणी वस्तू कुठली, तर माझी! मला हसू आवरेना. विजया एकटी उभी होती, किसणी हातात घेऊन.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमचं आहे ते. चिखलातून मीच उपसून काढलं. मागे दोरा ओवायचं भोक आहे ना, ते माझ्या विणायच्या सुईचं. सुई तापवून तुम्ही पाडलं होतंत, आणि सुई वाया गेली म्हणून मी चिडले होते."

मी कमळाच्या मागे बोट घातलं. भोक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमचं कमळ गाळात सापडलं, अजून जसंच्या तसं आहे, असं सांगू? हेमांगीलासुद्धा नाही सांगितलं. तिला आवडलं म्हणून तिने मधे लावलं."

म्हणजे ही त्या दिवशी माझ्याच कमळापुढे रडली होती. हे ऐकून बरं वाटावं की नाही? वाटलं, थोडं. बाकी काय वाटलं ते तेव्हा मी बघितलंच नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की नाव.

झोलाला तारेचा आधार दिला, आणि हेमांगी आली तशी मी तिला दारातच गाठलं. "माझं काम लावलंत आणि माझं नाव नाही? कलाकाराचं नाव द्यायचं नसतं का तुमच्या कॉलेजात?" तिला आधी काही कळेना. मग ती जाळीखाली गेली, पाकळ्या बघून आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"लावू, काका? खरंच लावू?"

"अहो, नको," विजया म्हणाली.

"का नको?" मी म्हणालो. "लाव."

तिने कार्डावर लिहिलं आणि दोऱ्याने कमळाखाली बांधलं. कमळ, थर्मोकोल. कलाकार: बाळ टिपणीस. आपल्याच मंडळाच्या १९९७च्या मखरातून. यंदा यमुनेच्या काठी सापडलं.

संध्याकाळी रांग लागली. मी यंदा पहिल्यांदाच पुढे उभा होतो, झब्ब्यावरचा कापूस झटकून. लोक वाकत होते, वाचत होते, उठत होते आणि मग मला शोधत होते. पहिल्या काही जणांना मी मान तुकवून नमस्कारही केला. हळूहळू मला त्या नजरा कळायला लागल्या. कोणी रागाने बघत नव्हतं. वाईट वाटून बघत होते, आजारी माणसाकडे बघतात तसे. एका बाईने तर माझ्या हाताला हात लावला आणि पुढे गेली.

मग सोनटक्के आले, सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं बाळासाहेब! इतकी वर्षं नदीत, पण पाकळीसुद्धा तुटली नाही. काय टिकाऊ काम आहे हो तुमचं!"

मी म्हणालो, "आभारी आहे." दुसरं काय म्हणणार? कान तापले होते. आपलं काम लोकांनी जपावं एवढीच माझी आयुष्यभर इच्छा, आणि ते जपलं कोणी, तर गाळाने. मला लाज वाटली. खरी लाज, पोटातून. आणि तरी, ऐका, तिच्यावरची जळजळ काही कमी झाली नाही. उलट वाढली. कारण माझ्या हातचं कमळसुद्धा आता तिच्याच बाजूने बोलत होतं.

आरती झाल्यावर हेमांगी जवळ आली. हळूच म्हणाली, "काका, काढून टाकू का कार्ड? लोक काहीबाही बोलतायत. मला असं नव्हतं करायचं, सच्ची."

विजया पायरीशी बसून माझ्याकडे बघत होती. काढ म्हणालो असतो तर संपलं असतं. रात्रीतून कार्ड गेलं असतं, उद्या कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. मग ती नदी तिची, फेस तिचा, टाळ्या तिच्या, आणि मी पत्रिकेतला मार्गदर्शक.

"काढायचं नाही," मी म्हणालो. "उलट अक्षर मोठं कर, माझ्या वयाच्या माणसाला वाचता येत नाही. आणि खाली आणखी लिही, की नदीत सोडलं तेही यांनीच. डोक्यावरून नेलं होतं मी, कोणाला हात लावू दिला नव्हता."

"काका..."

"लिही म्हणतो ना! बाकी सगळी यमुना तुझी. एवढी घाण माझी आहे."